कुलुपातला कॉम्प्युटर

१९८१ चा मार्च. निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर तंबाखू पिकवणारे हजारो शेतकरी मुक्काम ठोकून बसले होते. भाव मिळाल्याशिवाय उठायचे नाही, असा निर्धार होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे हे आंदोलन ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात मोडले. १२ जणांचा जीव गेला. त्याच मार्चमध्ये तिकडे इंग्लंडात काळ्या प्लास्टिकच्या एका डबीची जाहिरात झळकत होती. नाव झेडएक्स ८१. सुटे भाग घेऊन घरी जोडायची तयारी असेल तर किंमत ४९.९५ पौंड, तयार हवी असेल तर ६९.९५. स्मरणशक्ती एक किलोबाइट. म्हणजे या लेखाचे दोन परिच्छेद मावले तरी खूप.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तो ओढूनताणून लावायचाही नाही. मात्र तीन-चार वर्षांतच त्या डबीच्या भावंडांपैकी एक भारत सरकारच्या शिक्का-मोर्तबाने इथल्या शाळांत येणार होते. आणि त्या भावंडाचे वंशज पुढे बेळगावात मुख्यालय असलेल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बसणार होते. मधली चाळीसेक वर्षे पाहिली तर एकच यंत्र दोन देशांत किती वेगळ्या रीतीने वाढले, ते दिसते.

इंग्लंडात सुरुवात भीतीपासून झाली. १९७८ मध्ये बीबीसीने ‘नाउ द चिप्स आर डाउन’ हा माहितीपट दाखवला. सिलिकॉनची चिप कारखान्यांतली माणसे घरी बसवणार आणि ब्रिटन मात्र गाफील आहे, असा त्याचा सूर होता. त्यावर बरीच चर्चा झाली आणि बीबीसीने ठरवले की लोकांना कॉम्प्युटर शिकवणारी मालिका काढायची. नुसते दाखवून भागणार नाही, बघणाऱ्याच्या हातात यंत्र पाहिजे. म्हणून बीबीसीच्या नावाचा कॉम्प्युटरही बाजारात आणायचा. आधी ज्या कंपनीचे यंत्र डोळ्यांसमोर होते तिला ते वेळेत जमेना. मग इतरांना विचारणा झाली. केंब्रिजमधल्या एकॉर्न या छोट्या कंपनीला सोमवारी कळले की शुक्रवारी बीबीसीची माणसे यंत्र बघायला येणार. यंत्र तर अजून कागदावर होते.

पुढची कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला पुराणकथेची कळा आली आहे, पण ती सांगणारे प्रत्यक्ष त्यात होते. कंपनीचे हर्मन हाउझर यांनी स्टीव्ह फर्बर यांना फोन करून सांगितले, आठवड्यात यंत्र होईल असे सोफी विल्सन म्हणतात. मग विल्सन यांना फोन करून सांगितले, होईल असे फर्बर म्हणतात. दोघांनीही दुसऱ्याच्या भरवशावर होकार दिला. शुक्रवारी पहाटेपर्यंत झाळणकाम चालले, आणि बीबीसीची मंडळी दारात उभी राहिली तेव्हा यंत्र चालू होते. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आला, जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. साधारण १२,००० यंत्रे खपतील, असा बीबीसीचा अंदाज होता. शेवटी खपली १५ लाखांच्या आसपास. १२,००० हा आकडा लक्षात ठेवावा; तो पुन्हा भेटणार आहे.

एकॉर्नचे यंत्र दणकट होते, पण महाग. ३२ किलोबाइटचे मॉडेल थोड्याच दिवसांत ३९९ पौंडांवर गेले. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते त्यांच्यासाठी क्लाइव्ह सिंक्लेअर होते. एप्रिल १९८२ मध्ये त्यांनी झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ चा १७५ ला. कळा रबराच्या, दाबल्या की खोडरबर चेपल्यासारखे वाटे. एकेका कळीवर पाच-सहा कामे छापलेली. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हीच त्याची डिस्क.

टेपरेकॉर्डरचे हे प्रकरण नव्या पिढीला समजावून सांगावे लागते. प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात असे. कॅसेट लावायची, तार जोडायची, बटण दाबायचे. मग चिरकणारा, किंचाळणारा आवाज आणि पडद्याच्या कडेला नाचणारे रंगीत पट्टे. ४८ किलोबाइटचा खेळ उतरायला चार-पाच मिनिटे लागत आणि शेवटच्या सेकंदाला चूक झाली की पहिल्यापासून सगळे. टेपचे हेड जरा तिरके झाले असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरने ते सरळ करायचे, मळले असेल तर कापसाला स्पिरिट लावून पुसायचे. भजनाच्या आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटी ज्यांनी जिवापाड जपल्या त्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसांना यातली कुठलीच गोष्ट नवी वाटणार नाही. फरक इतकाच, की तिकडे कॅसेटमधून कुमार गंधर्वांऐवजी खाणीत उड्या मारणारा एक बुटका मजूर बाहेर येई.

तो मजूर ‘मॅनिक मायनर’ या खेळातला. १९८३ मध्ये हा खेळ लिहिणारा मॅथ्यू स्मिथ तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता. आईबापांनी यंत्र घेतले ते ‘पोराच्या अभ्यासाला उपयोगी पडेल’ म्हणून, आणि पोराने केले ते हे. मासिकांतून प्रोग्रॅमच्या छापील याद्या येत. मुले त्या ओळीने टंकित करत, एखादा स्वल्पविराम चुकला की यंत्र अडे, मग चूक शोधता शोधता प्रोग्रॅमिंग कळे. यंत्र मांडून ठेवलेल्या दुकानात शिरायचे, दोन ओळींत आपले नाव लिहून ‘गोटू १०’, म्हणजे पुन्हा १० क्रमांकाच्या ओळीवर जा, असे सांगायचे आणि पळायचे, हा तर तिथल्या पोरांचा राष्ट्रीय खोडसाळपणा होता. पाठ वळताच सगळा पडदा त्या नावाने भरून वाहू लागे.

या साऱ्या धडपडीचे शिखर ‘इलाइट’. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये तो बीबीसी मायक्रोसाठी लिहिला. अवकाशयान चालवायचे, ग्रहाग्रहांवर माल विकायचा, चाच्यांशी लढायचे. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येक ग्रहाचे नाव, राज्यव्यवस्था आणि बाजारभाव निराळे. आणि हे सगळे वीसेक किलोबाइटमध्ये! युक्ती अशी, की ग्रहांची यादी साठवलेलीच नव्हती. सुरुवातीच्या एका संख्येपासून गणिताने पुढची संख्या, तिच्यापासून पुढची, असे करत ग्रह लागेल तेव्हा तयार होई आणि काम संपले की विसरला जाई. पुन्हा गेलात तर तोच ग्रह तिथेच सापडे. जागा नाही म्हणून अक्कल चालवावी लागली. आजच्या जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांना विचारले तर त्यांच्या वेडाचे मूळ बहुतेक इथेच निघते.

आता भारत. १९८२ मध्ये पौंड १६-१७ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे मोठा स्पेक्ट्रम तिथल्या भावानेच तीन हजारांच्या घरात आणि बीबीसी मायक्रो साडेसहा हजारांच्या. वर जबर आयातशुल्क. पगारदार घराला हे परवडणारे नव्हते, तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळून पोट भरणाऱ्या निपाणीतल्या बाईचे तर नावच नको. परदेशी असलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या बॅगेतून आले तर आले.

पण सरकारने निराळाच रस्ता धरला. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला. शाळांतून कॉम्प्युटर साक्षरता पसरवणे हा त्याचा हेतू. पहिल्या फेरीत २५० शाळा. यंत्र कोणते? ब्रिटनच्या शाळांत रुळलेला बीबीसी मायक्रो. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे कॉम्प्युटर धोरण जाहीर केले, एकविसाव्या शतकाची भाषा सुरू झाली, आणि प्रकल्पाला वारे मिळाले. चंदीगडजवळच्या मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ही सरकारी कंपनी नुकतीच उभी राहिली होती. तिने हेच यंत्र परवान्याने ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने बनवले. होप कॉम्प्युटर्स या कंपनीने त्याची एक नक्कल ‘डॉल्फिन’ नावाने काढली. मूळ यंत्रावरच्या लाल कळा तिच्यावर निळ्या झाल्या. सिंक्लेअरच्या यंत्रालाही भारतीय अवतार मिळाला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला आणि १९९० च्या सुमारास बाजार आटेपर्यंत काही हजार विकले. एकशिंगी घोडा, डॉल्फिन, डेसिबेल: नावे ठेवण्यात तरी आपण मागे नव्हतो.

पहिल्या टप्प्यात राज्य सरकारांमार्फत शाळांना मिळून वाटलेल्या यंत्रांची संख्या सरकारी कागदपत्रांत दिली आहे: १२,०००. बीबीसीला आपल्या देशात जेवढी यंत्रे खपतील असे वाटले होते, नेमकी तेवढीच. फक्त इथे ती २५० वरून वाढत अडीच हजारांवर गेलेल्या शाळांत वाटायची होती. भागाकार केला तर शाळेमागे चार-पाच यंत्रे. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग आठवड्यातून एकदोन तास त्यांच्यापुढे बसवला, तर एका यंत्राभोवती दहा डोकी. कळांवर बोटे एकाचीच, उरलेले नऊ बघे.

त्या पिढीच्या देशभरच्या आठवणी चमत्कारिकपणे सारख्या आहेत. चपला खोलीबाहेर काढायच्या. यंत्रावर कापडी आच्छादन. दाराला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या टेबलात. यंत्र बिघडले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने शिक्षकही बिचकून. दोन-तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणावर त्यांना सगळा गड लढवायचा होता, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग नाही. खेळ मात्र बहुतेक ठिकाणी निषिद्ध. सरकारी मालावर पोरांनी खेळायचे? ज्या गोष्टीने इंग्लंडातली मुले या यंत्राला चिकटली, तीच इथे पहिल्याच दिवशी वजा झाली.

परदेशी यंत्र आले की ते उघडून बघायचे, ही खोड खरे तर बेळगावला जुनी. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या गावात सायकलचे दुकान काढले. तेव्हा सायकल म्हणजे १९८४ मधला कॉम्प्युटरच: साहेबाची वस्तू, महाग, अचंब्याची. सायकली विकता-दुरुस्त करता लक्ष्मणराव कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले, मग लोखंडी नांगराकडे, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात ओतीव कामाचे कारखाने आणि मशीनशॉप पुढेही फोफावले. इथल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराला एखादा सुटा भाग दाखवला तर तसाच दुसरा बनवून देईल, अशी या गावाची ख्याती. पण सायकल दुकानदाराच्या मालकीची होती. तिचे नट त्याने सोडवले तर विचारणारा कोणी नव्हता. शाळेतल्या बीबीसी मायक्रोवर साठानोंदीचा क्रमांक होता.

सीमाभागात आणखी एक गुंता होता. इथल्या मुलाच्या दप्तरात आधीच तीन भाषा. घरात मराठी, सरकारदरबारी कन्नड, पुढे जायचे तर इंग्रजी. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरवर, बेळगाव जवळजवळ त्याच्या दुप्पट अंतरावर; ओढा एकीकडे, दफ्तर दुसरीकडे. दर १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर कोणाचा राज्योत्सव, कोणाचा काळा दिवस. पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावरून जिथे दगड उचलले जातात, तिथे आलेले हे यंत्र दोन्ही लिप्यांना सारखेच अनोळखी होते. ‘गोटू १०’ची गंमत करायची तरी आपले नाव रोमन अक्षरांत घालूनच.

जिद्दी माणसाला वाट होती. बीबीसी मायक्रोवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत स्वतःचे अक्षर घडवता येत असे. स्पेक्ट्रमवरही अशी २१ अक्षरे करता येत. पण मराठीला एकवीस अक्षरांत कोण बसवणार? काना, वेलांटी, रफार, जोडाक्षरे मोजायला घेतली की चौकटी तिथेच संपतात. कन्नडच्या वळणदार अक्षरांचे त्या आठ ठिपक्यांत काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हा गुंता सोडवला एका मराठी नावाच्या अभियंत्याने, आणि तोही दूर कानपूरच्या आयआयटीत. मोहन तांबे तिथे देवनागरी टर्मिनलवर काम करत होते. १९८३ मध्ये दिल्लीच्या जागतिक हिंदी संमेलनात हे टर्मिनल लोकांसमोर आले. १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक सुरू झाली तेव्हा तांबे तिथे आले आणि ‘जिस्ट’ कार्ड घडले. कल्पना विलक्षण साधी होती. भारतीय लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकच: क-ख-ग-घ सगळीकडे त्याच क्रमाने. मग ध्वनीला एक सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि लिपी हे फक्त वरचे वस्त्र मानायचे. १९९१ मध्ये या संकेतप्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. १९८६ मध्ये ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावरही तेच तत्त्व. देवनागरीतला ‘क’ ज्या कळीवर, कन्नडमधला ‘क’ही त्याच कळीवर. मराठीत लिहिलेला मजकूर एक आज्ञा देताच कन्नड लिपीत उभा राही. बेळगावच्या नामफलकांवर जे जमले नाही, ते एका कार्डावर बिनबोभाट चालू होते. मात्र हे कार्ड आयबीएम जातीच्या पीसीत बसणारे होते. बीबीसी मायक्रोचे दिवस तोवर भरत आले होते.

ब्रिटनमध्ये तर ते आधीच भरले होते. १९८४ चा नाताळ दोन्ही कंपन्यांना नडला; बाजार भरून गेला होता, माल पडून राहिला. फेब्रुवारी १९८५ मध्ये एकॉर्नचा जवळपास निम्मा हिस्सा इटलीच्या ऑलिव्हेट्टीने घेतला. सिंक्लेअर यांनी त्याच सुमारास तीन चाकांची विजेची गाडी काढून हात पोळून घेतले आणि एप्रिल १९८६ मध्ये कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅडला विकून टाकला. म्हणजे आपल्या शाळांत हे यंत्र भविष्याची चाहूल म्हणून पोचत होते, तेव्हा त्याच्या जन्मगावी ते काल-परवाची गोष्ट होऊ लागले होते. मोहालीतल्या कारखान्यालाही फेब्रुवारी १९८९ मध्ये मोठी आग लागली. आठव्या पंचवार्षिक योजनेत शालेय प्रकल्पाची नव्याने आखणी झाली, पीसी आले, आणि ती मळकट पांढरी पेटी कपाटावर गेली.

खेळ मात्र सीमाभागात आला, उशिरा आणि दुसऱ्याच दाराने. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आले. जपानी यंत्रांच्या पूर्वेकडून आलेल्या नकला. तासावर पैसे घेऊन ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळू देणारी दुकाने शहरांपासून तालुक्यांपर्यंत निघाली. पोरे शाळा बुडवून तिथे सापडत. त्या यंत्रांच्या प्लास्टिकच्या वड्यांनाही लोक कॅसेटच म्हणत. पण या कॅसेटीत फक्त खेळायची सोय होती, लिहायची नव्हती. चालू करताच रिकामा पडदा आणि लुकलुकणारी खूण दाखवून ‘बोल, काय करू?’ असे विचारणारे यंत्र या भागातल्या मुलाच्या वाट्याला एकतर कुलुपात आले किंवा आलेच नाही.

सीमाभागातल्या मुलांनी पुढे कॉम्प्युटर शिकला तो फीच्या क्लासात, आणि पुणे-बंगळूर रस्त्याच्या दोन्ही टोकांना जाऊन नोकऱ्या मिळवल्या. मग ‘क्लास’ प्रकल्प वाया गेला का? सरसकट तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अडीच हजार शाळांत कॉम्प्युटर नावाची वस्तू पहिल्यांदा दिसली ती त्याच्यामुळे. चूक यंत्राच्या निवडीत नव्हती, ते त्या काळातले सर्वोत्तम शालेय यंत्र होते. त्याच्यासोबत निवांत वेळ द्यायला हवा होता; कोणी बघत नसताना मोडतोड करण्याचा वेळ. तो कुठल्याच निविदेत नव्हता.

इंग्लंडात ज्यांना तो मिळाला, ते आज पन्नाशी-साठी ओलांडून त्याच यंत्रांची डागडुजी करत बसले आहेत. झिजलेल्या रबरी कळांखालचे पातळ पापुद्रे बदलतात, फुगलेले कपॅसिटर काढतात, तीस-चाळीस वर्षांच्या कॅसेटी संगणकीय फायलींत उतरवून ठेवतात. केंब्रिजच्या संग्रहालयात मुलांना बीबीसी मायक्रोपुढे बसवून बोटे चालवू देतात. २०२० च्या सुमारास नव्या भागांनी घडवलेला ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ लोकवर्गणीतून तयार झाला. त्याचे रूप रिक डिकिन्सन यांनीच बेतले होते, ज्यांनी १९८२ मधल्या मूळ यंत्राला आकार दिला. आणि ज्याला यातले काहीच नको, तो ‘इलाइट’ मोबाइलवर खेळतो. निपाणीच्या एसटी स्टँडवर बसूनही तो आज फुकटात खेळता येतो.

त्या मोबाइलच्या पोटात काय आहे, हा या गोष्टीचा शेवटचा तुकडा. बीबीसी मायक्रोनंतर काय, या विवंचनेत एकॉर्नने ठरवले की चिप आपणच बनवायची. अमेरिकेत एका चिप कंपनीला भेट द्यायला गेलेल्या विल्सन आणि फर्बर यांना दिसले, की मोजकी माणसे आणि काही विद्यार्थी हाताशी घेऊन हे काम चालते. मग आपल्याला का जमू नये? विल्सन यांनी नव्या चिपच्या आज्ञा ठरवल्या आणि त्यांची चाचणी बीबीसी मायक्रोवरच, बेसिक भाषेत घेतली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप आली आणि पहिल्याच दणक्यात चालली. फर्बर यांनी वीज किती खाते ते मोजायला घेतले तर काटा शून्यावर. नंतर कळले, की वीजपुरवठ्याची तार जोडलीच नव्हती; इतर तारांमधून झिरपणाऱ्या विजेवरच चिप चालत होती. इतक्या कमी विजेवर भागणारी चिप पुढे बॅटरीवरच्या फोनला वरदान ठरली. १९९० मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि आणखी एका कंपनीने मिळून तिची स्वतंत्र कंपनी केली. ‘एआरएम’ ही तिची आद्याक्षरे, मूळची ‘एकॉर्न रिस्क मशीन’ या नावाची. एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचे बी.

बेळगावात मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या अभ्यासक्रमात एआरएम मायक्रोकंट्रोलर हा विषय आला; प्रयोगशाळेत एक छोटा बोर्ड, त्यावर याच घराण्यातली एलपीसी २१४८ नावाची चिप. चौथ्या-सहाव्या सत्रातला विद्यार्थी, मग तो खानापूरचा असो की निपाणीचा, सुरुवातीच्या एखाद्या प्रयोगात आकड्यांची बेरीज करतो. ‘अ‍ॅड आर-शून्य, आर-एक, आर-दोन’. सोफी विल्सन यांनी केंब्रिजमध्ये मायक्रोपुढे बसून ठरवलेली आज्ञा, तीच, अक्षरही न बदलता. बोर्ड विद्यार्थ्याच्या हातात असतो, आणि आता त्याची किंमत इतकी उतरली आहे की बरेच जण तो स्वतःचा विकत घेऊन खोलीवर नेतात.